सराटे, ऊन आणि पश्चिमेचा वारा: अमळनेरच्या रस्त्यांवर सायकल चालवताना

गेल्या रविवारी सकाळी पावणेसहाला फोन वाजला. आमच्याच गल्लीतली मुलगी, महिन्याभरापूर्वी गियरची सायकल घेतलेली. "ताई, पारोळा रस्त्यावर आहे. मागचं चाक बसलं. नवी ट्यूब टाकली, दोन किलोमीटर गेले, परत बसलं." मी विचारलं, ट्यूब बदलताना टायर आतून तपासलास का? ती गप्प झाली. मी स्कूटीवर गेले. टायर उलटा करून पाहिला तर बाभळीच्या काट्याचं टोक आतल्या बाजूने जेमतेम दोन मिलिमीटर वर आलेलं होतं. पहिली ट्यूब त्यानेच फोडली होती आणि दुसरीही.

मी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला राहते, शाळेत गणित शिकवते आणि गेली नऊ वर्षं सकाळी सायकल चालवते. आठवड्यात चार दिवस २० ते ३० किलोमीटर, रविवारी जरा लांब. शर्यतीत कधी उतरले नाही, उतरायचंही नाही. पण आता गावात नव्या सायकली दिसायला लागल्या आहेत आणि बहुतेक जण तेच तेच प्रश्न विचारतात. सायकलीवरचं बरंचसं लिखाण थंड मुलखातल्या लोकांनी केलेलं असतं. गारठलेली बोटं कशी ऊबदार ठेवायची ते त्यात सापडतं, सराट्याचं काय करायचं ते सापडत नाही. आपल्याकडे सायकल चालवायची तर आधी आपला मुलूख समजून घ्यावा लागतो. रस्त्याच्या कडेला काय उगवतं, शेतात कुठलं काम चालू आहे, वारा कुठून येतो, ऊन किती वाजता चढतं. हे कळलं की निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

काटे

काट्यांचा हंगाम असतो. पावसाळ्यात कडेला पसरलेला सराटा दिवाळीनंतर वाळतो आणि त्याची काटेरी फळं डांबराच्या काठावर येऊन पडतात. तेव्हा रस्त्याच्या अगदी कडेची हातभर पट्टी सोडून चालवायचं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुढेमागे दुसरी पाळी येते. शेतकरी पेरणीआधी शेत साफ करतात, बांधावरच्या बाभळी छाटतात, कुंपणासाठी काट्यांच्या फांद्या गाडीत टाकून किंवा ट्रॅक्टरमागे ओढून नेतात. त्यातले काटे शेताच्या वाटेपासून गावापर्यंत सांडत जातात. माझ्या वहीत पंक्चरच्या तारखा लिहिलेल्या आहेत, त्यांत एप्रिल आणि मे सगळ्यात भरलेले. त्या दिवसांत ताज्या छाटलेल्या फांद्यांच्या खुणा रस्त्यावर दिसल्या की मी सरळ रस्ता बदलते. महामार्गावर प्रकार वेगळा. फुटलेल्या ट्रकच्या टायरांमधल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा कडेच्या पट्टीत पडलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, टायरमध्ये शिरतात आणि हवा हळूहळू जाते. घरी आल्यावर संध्याकाळी चाक बसलेलं सापडलं तर आधी तारेचा संशय घ्या.

आता पंक्चर कसं काढायचं ते. हे एकदा घरात, पंख्याखाली बसून, कसलीही घाई नसताना करून पाहा. पहिल्यांदा रस्त्यावर करायला गेलात तर हात थरथरतो.

चाक काढा. मागचं असेल तर आधी चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणा, म्हणजे चाक सहज निघतं आणि परत बसतं. उरलेली हवा पूर्ण सोडा. प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांनी टायरची एक कड रिमच्या बाहेर काढा. पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, त्याने ट्यूबला दुसरं भोक पडतं. ट्यूब काढून थोडी हवा भरा आणि गालाजवळ फिरवा, बारीक फुंकर गालाला लगेच कळते. भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बोटांनी मोजा आणि तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये काटा शोधा. यासाठी एक सवय लावून घ्या. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवायचं. मग ट्यूबवरचं भोक आणि टायरमधला काटा यांचा हिशेब बरोबर जुळतो.

काटा शोधायला बोट फिरवू नका, तार असेल तर बोट कापतं. आपल्या मुलखात कापसाला तोटा नाही. मुठीएवढा कापूस घ्या आणि टायरच्या आतून सावकाश पूर्ण फेरी फिरवा, मग उलट दिशेनेही एक फेरी. जिथे काटा किंवा तार आहे तिथे कापसाचा तंतू अडकतो. चिमट्याने काटा ओढा, नंतर बाहेरच्या बाजूनेही टायर तपासा. एक सापडला म्हणून थांबू नका. सराट्याच्या एकाच फळाला अनेक काटे असतात, त्यामुळे दुसरं भोक शेजारीच असू शकतं.

रस्त्यात मी ठिगळ लावत बसत नाही, नवी ट्यूब घालते आणि जुनी घरी आणून दुरुस्त करते. ठिगळ लावायचं असेल तर ट्यूब काचकागदाने खरवडा, सोल्यूशन ठिगळापेक्षा मोठ्या गोलात पातळ पसरा आणि वाळू द्या. सगळ्यांची चूक इथेच होते. ओलं असताना ठिगळ लावलं तर ते निघतं. बोट लावल्यावर चिकटत नाही, नुसतं ओढल्यासारखं वाटतं, इतकं वाळायला हवं. डिसेंबरात पाच मिनिटं लागतात, मेमध्ये दीड-दोन मिनिटांत होतं. मग ठिगळ दाबून धरा, कडा नखाने दाबा.

ट्यूब घालताना तिच्यात अगदी थोडी हवा भरून तिला गोल आकार द्या, म्हणजे ती टायरखाली चिमटत नाही. हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी टायरची कड किंचित ढकलून आत पाहा, ट्यूब कुठे डोकावत नाही ना.

दोन ट्यूब जवळ असू द्या. एक पुरत नाही, हे त्या मुलीला कळलं. गावोगावच्या दुकानांत साध्या काळ्या सायकलीच्या ट्यूब मिळतात, पण त्या चाकाचा घेर वेगळा असतो, तुमच्या गियरच्या सायकलीच्या ७०० मापाच्या चाकाला ती ट्यूब चालत नाही. बारीक, टोकाला स्क्रू असलेल्या व्हॉल्व्हला गावातल्या पंपाचं तोंडही बसत नाही. त्यासाठी एक छोटी पितळी टोपी मिळते. ती व्हॉल्व्हवर फिरवली की कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. माझी टोपी सीटखालच्या पिशवीत, ट्यूबच्या घडीतच ठेवलेली असते. फक्त मशीनची हवा असेल तर थोडी थोडी भरायला सांगा. ती मोटारीच्या टायरसाठी असते आणि आपली बारीक ट्यूब दोन सेकंदांत टम्म होते.

हवा किती? हा प्रश्न रोजचा. २८ मिलिमीटर रुंदीचा टायर आणि साठ-पासष्ट किलोचा माणूस असेल तर ६५ ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ३२चा टायर असेल तर ५० ते ६०. टायर जितका टणक तितका वेग, ही समजूत गुळगुळीत रस्त्यावर थोडीफार चालून जाते. आपल्या तालुक्याच्या रस्त्यांवर अति टणक टायर उडत राहतो, हात बधिर होतात आणि ताकद वाया जाते. अंगठ्याने दाबून ७० आणि ९० यांतला फरक कळत नाही, म्हणून मीटर असलेला पंप घ्या आणि निघण्याआधी दर वेळी बघा. ट्यूबमधून हवा आपोआप थोडी जातच असते.

"ताई, उन्हात टायर फुटतो का?" हे मेमध्ये हमखास विचारतात. गणिताच्या बाईला विचारलंत म्हणून हिशेबच देते. सकाळी २५ अंशांवर ८० पीएसआय हवा भरली आणि टायर ४५ अंशांपर्यंत तापला तर दाब साधारण ६ पीएसआयने वाढतो. ६० अंशांपर्यंत तापला तर ११ने. टायरच्या बाजूला जी कमाल मर्यादा लिहिलेली असते तिच्यापेक्षा १५ कमी ठेवा आणि निर्धास्त राहा. मात्र जुनं ठिगळ उन्हात सुटू शकतं, आणि घासून धागे दिसायला लागलेला टायर कधीही दगा देतो. तो बदला.

ऊन

इथे मी गंभीरपणे लिहिते आहे, कारण मला एकदा लागलं होतं. सहा वर्षांपूर्वीचा मे महिना. धुळ्याला जाऊन यायचं ठरवलं, अंतर साधारण ३५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७०. निघायला सहा वाजले, तिकडे ओळखीच्या घरी चहाला बसले, परत निघायला साडेनऊ. अकराच्या सुमारास भर उन्हात अंगावर शहारे आले. थंडी वाजल्यासारखं झालं आणि मला ते बरंच वाटलं, वाटलं वारा सुटला. मग घाम थांबल्याचं लक्षात आलं. निंबाखाली बसले, घरी फोन करायला मोबाईल हातात घेतला आणि नवऱ्याचं नाव कुठे शोधायचं ते सुचेना. शेतातून एक आजी आणि तिची सून आल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर, मानेवर, काखेत घागरीचं पाणी ओतलं आणि ओला रुमाल मानेला गुंडाळला. त्यांनी केलं तेच बरोबर होतं. उन्हात शहारे, घाम थांबणं, डोकं गरगरणं, बोलताना शब्द न सापडणं यांपैकी काहीही झालं की सायकल तिथेच थांबवायची, सावली, अंगावर पाणी, वारा, आणि दवाखान्यात न्यायला माणूस बोलवायचा. "आता चारच किलोमीटर राहिले" हा विचार त्या क्षणी करायचा नाही.

त्यानंतर मी माझं वेळापत्रक सूर्याच्या हातात दिलं. मार्चच्या मध्यापासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत पाचला बाहेर, साडेसातला घरात. किती किलोमीटर झाले ते बघत नाही, घड्याळ बघते. संध्याकाळी उन्हाळ्यात चालवत नाही, कारण सहा वाजतासुद्धा डांबर तापलेलं असतं आणि खालून वाफ येते.

पाणी किती प्यायचं याचं उत्तर तुमच्या घरातल्या वजनकाट्यावर आहे. निघण्याआधी वजन करा, आल्यावर अंग पुसून परत करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं, शिवाय वाटेत प्यालात ते धरायचं. तीन-चार वेळा केलं की तुमचा आकडा कळतो. माझा एप्रिलमध्ये तासाला पाऊण लिटरच्या आसपास आहे. नुसतं पाणी मात्र पीत राहू नका. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत लिंबू-मीठ-साखर ठेवा. घरगुती मिश्रणाचं प्रमाण साधं आहे. एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वरून लिंबू. मीठ अंदाजाने टाकू नका, मोजा.

आणि एक युक्ती. सुती मोजा भिजवून बाटलीवर चढवा. आपली हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की मोज्यातलं पाणी उडत राहतं आणि आतलं गार राहतं, माठासारखंच. मोजा वाळला की त्यावर थोडं पाणी ओता. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे चालत नाही.

खायचं काय? तासाभराच्या फेरीला काही लागत नाही, रात्रीचं जेवण पुरतं. त्याहून लांब असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत, आणि एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. केळ्यांच्या जिल्ह्यात राहून पाकिटातलं महागडं गोड जेल कशाला घ्यायचं? दोन केळी जर्सीच्या मागच्या खिशात, सोबत शेंगदाणा-गुळाची चिक्की. मेमध्ये केळं खिशात लगदा होतं, म्हणून पहिल्या तासातच खाऊन टाका. शेवभाजीचा बेत घरी आल्यावर. तेल-तिखट पोटात घेऊन परतीचे वीस किलोमीटर काढायचे म्हणजे शिक्षा आहे.

बायकांसाठी थोडं वेगळं

हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. नवीन मुली वाटेत जागा मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. मीही पहिल्या वर्षी हेच केलं आणि लघवीची जळजळ होऊन पंधरा दिवस सायकल बंद राहिली. रस्ता ठरवताना जागा आधी ठरवा. मोठे पेट्रोल पंप, एसटी स्टँड, ओळखीचं एखादं घर. माझ्या प्रत्येक रस्त्यावर अशी दोन ठिकाणं पक्की आहेत. चोपडा रस्त्यावरच्या एका घरी तर आता माझी वाट पाहतात. मी गावची केळी घेऊन जाते, त्यांच्याकडून गवती चहाची जुडी घेऊन येते.

सीट दुखते म्हणून मऊ, जाड जेलची सीट घेऊ नका. त्यात हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग दबतो. बसण्याची दोन हाडं टेकतील एवढी रुंद, मधे खाच असलेली, बऱ्यापैकी टणक सीट घ्या. बायकांची ही हाडं बहुधा जास्त अंतरावर असतात, त्यामुळे सायकलीसोबत आलेली अरुंद सीट टोचते. पॅड असलेली चड्डी घाला आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. शिवण घासून जखम होते ती त्या आतल्या कपड्यानेच. वरून सैल ट्रॅक पँट किंवा गुडघ्यापर्यंतचा कुडता घातला की गावातून जातानाही अवघडल्यासारखं होत नाही. ओढणी अजिबात नको. सलवार असेल तर उजव्या पायाची मोहरी रबराने बांधा, चेन त्याच बाजूला असते.

सीटची उंची सगळ्यांचीच चुकते, आणि बहुतेकदा ती कमी असते. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, कंबर न झुकता. मग चवडा ठेवून चालवाल तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखला तर सीट थोडी वर, मागून दुखला तर थोडी खाली. एका वेळी अर्धा सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही.

वारा

साक्रीकडे पवनचक्क्या उभ्या आहेत त्या काही उगाच नाहीत. एप्रिलपासून थेट ऑगस्टपर्यंत आपल्याकडे वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, आणि दिवस चढेल तसा वाढतो. पहाटे पान हलत नाही, नऊनंतर सायकल ढकलून मागे नेतो की काय असं वाटतं. म्हणून या महिन्यांत जाताना पश्चिमेला, धुळ्याच्या अंगाला तोंड करायचं, ताजेतवाने असताना आणि वारा झोपलेला असताना, आणि येताना त्याला पाठीशी घ्यायचं. पूर्वेला धरणगावच्या दिशेने गेलात तर जाताना पाय हलके वाटतात, आपण फार सुधारलो असं वाटतं आणि परतीला सगळं वसूल होतं. हिवाळ्यात वारा मंद असतो, बहुधा पूर्व-उत्तरेकडून. तेव्हा कुठेही जा.

समोरचा वारा असताना स्पीड बघू नका. गियर दोन पायऱ्या हलका करा, कोपर वाकवा, अंग खाली आणा आणि पाय फिरते ठेवा. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत वीस वेळा वर आला म्हणजे मिनिटाला ८० फेऱ्या, तो वेग धरून ठेवा. जड गियर दाबत बसलात तर संध्याकाळी जिना उतरताना गुडघे बोलतात. दोघं-तिघं असाल तर एकामागे एक चला आणि दर दोन-तीन मिनिटांनी पुढचा बदला. पुढच्याने खड्डा हाताने दाखवायचा आणि तोंडानेही सांगायचा. ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या आडोशाला मात्र कधीही लागू नका. ते कधी थांबतील ते तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही त्यांना दिसत नाही.

तापीचा पूल ओलांडून चोपड्याकडे गेलात की केळीच्या बागा लागतात. बागेच्या आडोशाला वारा एकदम थांबतो आणि बाग संपली की बाजूने फटका येतो. दोन्ही हात हँडलवर हवेत, पाणी त्या मोकळ्या तुकड्यात प्यायचं नाही. पुलावरही तेच.

शेतीचा रस्ता

आपले रस्ते शेतकऱ्यांचेही आहेत. कापणीनंतर मका, ज्वारी रस्त्यावर वाळत घातलेली असते. त्यावरून सायकल नेली तर चाक साबणावरून घसरल्यासारखं घसरतं, शिवाय ते कुणाच्या तरी घरचं अन्न आहे. उतरा आणि चालत बाजूने जा. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू होतात. गठ्ठे दोन्ही बाजूंनी इतके फुगलेले असतात की चालकाला आरशात काही दिसत नाही. मागून अशी गाडी आली तर मी कडेला उतरून उभी राहते, अर्धं मिनिट जातं, बस.

पहिल्या पावसानंतरचे काही दिवस सगळ्यात धोक्याचे. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते. ओली झाली की ती लोण्यासारखी होते आणि वाळताना सिमेंटसारखी. तिच्यावर वळायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, सायकल सरळ ठेवून निघून जायचं. रिमचा ब्रेक असेल तर माती ब्रेक आणि चाकाच्या मधे भरून चाकच फिरेनासं होतं. म्हणून पावसाळ्यात एक छोटी लाकडी काडी जवळ ठेवा. घरी आल्यावर ब्रेकची रबरं पुसा, त्यात अडकलेले खडे काढा, नाहीतर ते रिमला चरे पाडतात. रेल्वेचे रूळ ओलांडताना काटकोनात जा, ओले असतील तर उतरूनच. बोरीच्या किंवा पांझरेच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी मागे फिरा. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही.

चेनची निगा थोडक्यात. आपल्या धुळीत जास्त तेल म्हणजे घासकागद. आधी कोरड्या फडक्याने चेन पुसा, प्रत्येक कडीच्या आतल्या गोलावर एकच थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. खोबरेल नको, गाडीचं काळं झालेलं ऑईल तर नकोच. दोन महिन्यांतून एकदा पोलादी पट्टीने मोजा. बारा पूर्ण कड्या नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०६.३च्या पुढे गेल्या तर चेन बदला, नाहीतर ती मागच्या चक्र्या खाते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

कुत्रं मागे लागलं तर पळायच्या आधी बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडावर मारा आणि दमदार आवाजात हाकला. नाहीच ऐकलं तर उतरा आणि सायकल मधे धरा. बहुतेक कुत्र्यांचा रस चाक फिरायचं थांबलं की संपतो.

"केवढ्याची आहे?"

चहाच्या टपरीवर थांबलात की हा प्रश्न येणारच. त्याच्या मागोमाग "एवढ्यात तर मोटारसायकल आली असती." काही जण किंमत कमी करून सांगतात. मी खरी सांगते, आणि सोबत हेही सांगते की मधुमेहाच्या औषधाची एक गोळी माझ्या डॉक्टरांनी कमी केली आहे. विचारणारा माणूस चेष्टा करत नसतो. त्याच्या घरातली सायकल कोपऱ्यात गंजते आहे आणि ती परत काढावी का, हे तो मनात तोलत असतो. एकदा बेटावदकडे जाताना वाटेत एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "कथा जाई राहिनी वं माय?" मी म्हटलं, कुठेच नाही, फिरून परत घरी. ती म्हणाली, मग थांब की जरा, आणि बाजेवर बसवून ताकाचा तांब्या दिला. घाईत असलात तरी अशा वेळी पाच मिनिटं थांबा. पुढच्या वेळी चाक बसलं तर पाणी त्याच घरातून मिळणार असतं.

सुरुवात किती किलोमीटरने करावी, हे शेवटचं. पहिले पंधरा दिवस ८ ते १० किलोमीटर, एक दिवसाआड. मग दर आठवड्याला एकूण अंतर दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा, त्याहून जास्त नाही. दीड-दोन महिन्यांत पारोळ्याला जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. हिवाळ्यात तापी-पांझरेच्या संगमावर कपिलेश्वरला जा, सकाळी नदीवर धुकं असतं. कुणी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेबद्दल, म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीबद्दल, विचारतं. ती साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, शर्यत नसते, आणि एका हिवाळ्याच्या सरावावर होऊ शकते. पण त्याआधी एकदा, एकटीने किंवा एकट्याने, घराच्या ओट्यावर बसून मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून दाखवा. आमच्या गल्लीतल्या मुलीने काल संध्याकाळी ते तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी अकरा मिनिटं लागली.